आठवा दगड

श्रावणातल्या माझ्या प्रवासाची हकीकत ऐकायला वाईची मित्रमंडळी घाटावर दोनदा जमली, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी निमित्त काढून उठलो. जत कसं आहे, तिकडची माणसं कशी, खायला काय मिळतं, असे त्यांचे साधे प्रश्न होते. तोंडानं सांगवेना, म्हणून लिहून काढतो आहे. ज्यांना भाषणं देण्याची हौस आहे त्यांनी तरी हे वाचावं.

वाई

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत मी बंदूक धरली नाही, टाक धरला. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या एका फौजी इस्पितळात मी कारकून होतो. आलेल्यांची नावं लिहायची, गेलेल्यांची नावं लिहायची, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांची घरची पत्रं लिहायची, एवढं माझं काम; म्हणून तिथं सगळे मला मास्तर म्हणत. बिरू हा जतकडचा धनगराचा मुलगा तिथं जखमींचे स्ट्रेचर उचलायच्या कामावर होता. आठ महिने त्याची सगळी पत्रं मी लिहिली. तो दोन वाक्यं सांगे आणि गप्प बसे. मग मी त्यात थोडी भर घालून, खाली लिहिणाऱ्याचं म्हणून माझं नाव-गाव टाकून कार्ड पुरं करत असे, आणि माझ्या शब्दांवर मी खूश असे.

बाँबचा तुकडा पोटात जाऊन बिरू दोन दिवसांत गेला. त्याच संध्याकाळी आमचा तळ मागे हटणार होता. आसपास लाकूड औषधालाही नव्हतं. दहनाचं नावच नको, म्हणून आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, दस्तगीर मुलाणी यानं आणि मी खड्डा खणला. दस्तगीरनं फातेहा वाचली, इस्पितळाच्या गोऱ्या पाद्र्यानं त्याच्या पुस्तकातलं वाचलं आणि मला आठवले तेवढे गीतेचे श्लोक मी म्हटले.

परत आल्यावर मी वाईला शाळामास्तर झालो, आणि त्या संध्याकाळचं मी एक व्याख्यान केलं. विषय होता 'सर्व धर्म खरेच'. एका हिंदू पोराच्या खड्ड्याभोवती तीन धर्म हात जोडून उभे राहिले, असं मी शेवटी आवाज खाली आणून म्हणत असे. त्या ठिकाणी बायका डोळे पुसत. वाईत ते दोनदा झालं, पाचवडला झालं, साताऱ्यात झालं. बिरूच्या घरी मात्र मी गेलो नव्हतो. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष लोटलं होतं.

आषाढात जतहून एक कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. सरकारचा कागद मिळाला, पैसे मिळतात, पण पोराचं शेवटी काय केलं ते कागदात नाही. पत्रं लिहिणाऱ्या मास्तरांनी येऊन समक्ष सांगावं, त्यावाचून अडलं आहे. खाली बिरूच्या आईचं, मायाक्काचं नाव आणि अंगठा.

कशावाचून अडलं आहे, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

मेढा

एकट्यानं जायला धीर होईना, म्हणून आधी दस्तगीरला सोबत घ्यावं असं ठरवून त्याच्या गावी, मेढ्याला गेलो. तिकडचा श्रावण म्हणजे नुसता चिखल आणि धुकं. डोंगर असून दिसत नव्हते. गुडघाभर पाण्यात भातलावणी चालली होती आणि माझी एक वहाण ओढ्यात राहिली. उरलेली एक हातात घेऊन मी मुलाण्याच्या दारात उभा राहिलो.

दस्तगीर खाटेवर बसून खोकत होता. वाळवंटात धिप्पाड दिसणारा माणूस अर्धा राहिला होता. चालताना काठी लागत होती. त्याच्या बायकोनं मला पाय धुवायला पाणी दिलं आणि थोड्या वेळानं पानावर उकडलेली रताळी आणि दूध आणून ठेवलं. श्रावणी सोमवार माझ्या ध्यानात होताच, पण तो तिच्याही ध्यानात होता याचं मला नवल वाटलं. मुसलमानाच्या घरी बसून बिनदिक्कत खातो याचा मला थोडा अभिमानही वाटला. दोन घास खाल्ल्यावर मी दस्तगीरला म्हटलं, "तुम्हीही घ्या की."

तो हसला. "मास्तर, रमजान चाललाय. रोजा हाय माझा."

"एवढ्या आजारात?"

"मग वरच्याला काय आजाराची चिठ्ठी दावू?"

मी हातातलं रताळं खाली ठेवलं. साऱ्या धर्मांवर तास तास बोलणाऱ्या मला समोरचा माणूस उपाशी आहे हे कळलं नव्हतं. संध्याकाळी त्याचा रोजा आणि माझा सोमवार एकाच वेळी सुटला. त्यानं खजूर तोंडात टाकला, मी भात खाल्ला. जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला.

"तुमच्या भाषणाचं आलं कानावर. तीन धर्म एका खड्ड्याभवती. व्हय न्हवं?"

"हो. काही चुकीचं बोललो का?"

"पाद्री म्हणतो, देवाला ल्योक हाय. मी म्हणतो, न्हाई. तुमी म्हणता, बिरू पुन्यांदा जल्माला यील. मी म्हणतो, त्यो कयामतीपतुर हाय तिथंच हाय. मग आता सांगा, बिरू हाय कुठं? तीन ठिकाणी?"

"अहो, रस्ते वेगळे, गाव एकच," मी व्याख्यानातलं ठरलेलं वाक्य टाकलं.

"मी काय रस्त्यावर उभा न्हाई, मास्तर. मी सांगतोय त्योच माझा गाव हाय." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "राग मानू नगा. तुमी आमाला तिघांलाबी खरं म्हणता, म्हंजे तिघांतल्या एकाचंबी नीट ऐकत न्हाई."

"मग तुम्ही फातेहा का वाचलीत?"

"आमच्यातले म्हणतील, वाचाया नगं हुती. पण पोरगं माझ्या हातात गेलं. माझ्यापाशी जे खरं हुतं ते त्याला दिलं. शोभेला न्हाई वाचली."

मला वाईट वाटलं. माणूस आजारानं कडवट झाला आहे, असा मी सोयीचा अर्थ लावला. सोबत येणं त्याला शक्यच नव्हतं. निघताना त्यानं फळीवरून एक तंबाखूची पत्र्याची डबी काढून दिली. आत मूठभर पिवळी वाळू होती.

"त्या खड्ड्यावरची. तवाच खिशात घातली हुती. बिरूच्या आईला द्या. आन् जे झालं त्येच सांगा. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

मी डबी पिशवीत टाकली.

सांगली

साताऱ्याला नव्या वहाणा घेतल्या आणि रेल्वेनं सांगली गाठली. तिथं माझे मावसभाऊ अण्णा वकिली करतात. कृष्णा पात्राबाहेर यायच्या बेतात होती, गढूळ पाण्यातून ओंडके वाहत होते. अण्णांच्या घरी रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळायला आली होती. ही ज्वारी म्हणजे गुरांची शिक्षा आहे असं म्हणत वहिनींनी त्याच पिठाच्या भाकरी इतक्या पातळ केल्या, की मी तीन खाल्ल्या. वर वांग्याचं भरीत आणि दही.

अण्णांनी मला न विचारता गल्लीतल्या वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं होतं. मी नको म्हटलं नाही. नको वाटतच नव्हतं. खुर्च्या भरल्या, तीन धर्म खड्ड्याभोवती उभे राहिले, आणि टाळ्या झाल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. वर्तमानपत्रं उघडवत नाहीत असे दिवस आहेत, अशा वेळी हे ऐकायला मिळालं, असं ते म्हणाले. मेढ्यानं पडलेलं मन पुन्हा उभं राहिलं.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, उद्या त्या आईला काय सांगणार?"

"झालं ते."

"पुरलं म्हणून सांगणार?" त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "अहो, कुठल्या आईला सोसेल ते? अग्नीसुद्धा मिळाला नाही माझ्या लेकराला, असंच म्हणेल ना ती. जन्मभर तेच घेऊन बसेल. गेलेला तर काही परत यायचा नाही. दिला अग्नी म्हणून सांगा, काय बिघडलं?"

अण्णाही म्हणाले, "कायद्यानं पाहिलंस तर खोटं आहे. माणुसकीनं पाहिलंस तर नाही."

ते दोघं प्रेमळ आहेत. मीही त्या वेळी प्रेमानंच ठरवलं. आमच्या तिघांपैकी एकालाही, बिरूच्या घरची रीत काय असेल, हा प्रश्न सुचला नाही. अग्नी म्हणजे सद्गती, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. ते सगळ्यांचंच असणार असं आम्ही धरून चाललो.

जत

सांगली सोडून मोटार पूर्वेला निघाली, की देश हळूहळू सुकत जातो. कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार दोनदा बंद पडली. आम्ही उतरून ढकलली. आधी ऊस गेला, मग विहिरी गेल्या, मग झाडं गेली. ढग मात्र वर होतेच, काळे आणि भरलेले, पण ते न थांबता कर्नाटकाकडे चालले होते. शेजारचा म्हातारा त्यांच्याकडे न बघताच कानडीत काहीतरी म्हणाला आणि थुंकला. मेढ्यात पावसानं जीव नकोसा केला होता. इथं चार दिवसांमागं भुरभुर आली होती, तिचीच माणसं आठवण काढत होती.

मी कार्ड टाकून कळवलं होतं, म्हणून मोटारीच्या थांब्यावर बिरूचा चुलता सिदाप्पा न्यायला आला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, बोलणं मोजकं. चार कोस आम्ही उघड्या माळावरून चाललो. नव्या वहाणांनी माझे पाय सोलून काढले. वस्तीजवळ एका बाभळीखाली सात दगड ओळीनं उभे होते, त्यांवर भंडारा वाहिलेला होता. गावदेव असावेत असं समजून मी हात जोडले. सिदाप्पानं माझ्याकडे पाहिलं.

वस्ती म्हणजे तीन खोपटं आणि मेंढ्यांचा वाडगा. वाडग्याच्या कडेला एक लांबट, नीट घडवलेला दगड आडवा ठेवलेला दिसला. पाय ठणकत होते, म्हणून मी त्यावर टेकलो.

"आवं मास्तर, तितं नगा बसू," सिदाप्पा घाईनं म्हणाला. "हिकडं घोंगड्यावर बसा."

पाहुण्याला दगडावर बसवू नये म्हणून म्हणत असेल असं मला वाटलं.

मायाक्का मेंढरं घेऊन परतली. उंच, काळी, वाळलेली बाई. कपाळाला भंडारा. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि आधी त्यांना तेल लावायला दिलं. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाची चटणी होती. माझ्या पानाशी पाणी कमी पडू नये म्हणून तिनं दोनदा तांब्या भरून ठेवला. ते पाणी दीड मैलावरून येतं हे मला मागाहून कळलं.

"मास्तर, तुमचा देव कंचा?" तिनं सहज विचारलं.

"मला सगळे सारखेच, मायाक्का," मी म्हणालो. "तुमचा बिरोबा, मुसलमानांचा अल्ला, सायबाचा येशू. सगळे खरेच."

"आसं व्हय," ती म्हणाली, आणि भाकरी वाढली.

जेवणानंतर तिनं फडक्यात बांधलेली कार्डं काढली. एकूण एक जपून ठेवली होती. गावातल्या तलाठ्याकडून तिनं ती इतक्या वेळा वाचून घेतली होती, की तिला पाठ होती. "'अव्वा, मी हितं सुखात आहे. रात्री चांदणं पडलं म्हंजे आपला माळ आठवतो आन् तुझा हात पाठीवरून फिरल्यागत वाटतं,'" असं ती डोळे मिटून म्हणाली. "लय शाणं झालं हुतं पोरगं तिकडं जाऊन. हितं कवा येवढं बोललं न्हाई."

मी मान खाली घातली.

मग ती नीट मांडी घालून बसली. सिदाप्पाही येऊन बसला. "हां मास्तर. आता सांगा. शेवटाला काय केलं माझ्या पोराचं?"

  मी तिला सांगितलं, की त्याला फार दुखलं नाही. हेही खोटं होतं. मग सांगितलं, की आम्ही लाकडं मिळवली, चिता रचली आणि त्याला रीतसर अग्नी दिला; मीच दिला, भावाच्या जागी उभा राहून. राख समुद्रात सोडली. त्याच्या आत्म्याला कशाची उणीव राहू दिली नाही.

ती रडेल आणि मग शांत होईल अशी माझी अपेक्षा होती. ती रडली नाही.

"जाळला?" ती म्हणाली.

"हो."

"समदा?"

मला काही कळेना. मी सिदाप्पाकडे पाहिलं. तो खाली बघत काठीनं जमीन उकरत होता. मग तो म्हणाला, "मास्तर, आमच्या भावकीत जाळत न्हाईत. माती देत्यात. बाभळीखाली सात दगड बघितलं न्हवं? माझा आज्जा, पंजा, बिरूचा बा, समदी तितं हाईत. मातीत गेला तर त्येचा दगड बसतो. मग सणावाराला पंगतीला त्येचा निवद. जाळल्याला दगुड न्हाई. त्यो वाऱ्यावारी गेला. मग त्यो कुणाचाच न्हाई."

वाडग्याच्या कडेचा तो घडीव दगड मला अंधूक उजेडात दिसत होता. मी ज्यावर बसलो होतो तो.

"चार वरसं झाली घडवून," मायाक्का म्हणाली. "म्हनलं, कुणीतरी यील आन् सांगंल. माती दिली असंल तर बसवू. त्येवढ्यासाठीच बलिवलं तुमाला."

 मी उठलो, पिशवी उपडी केली, डबी काढली. "मायाक्का, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "त्याला पुरलं. मी स्वतः खड्डा खणला. माझ्याबरोबर मेढ्याचा मुलाणी होता. ही बघा त्या खड्ड्यावरची वाळू. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी चितेचं सांगितलं. आमच्यात जाळतात, म्हणून मला वाटलं..."

तिनं डबी हातात घेतली, उघडली, वाळू बोटांनी चाचपली. मग झाकण लावून माझ्यापुढं ठेवली.

"वढ्यातली वाळू बी आसलीच हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मास्तर, तुमी भला मानूस. मघा खरं बोलला. आता माजं त्वांड बघून, माज्यासाठी बोलताय."

"नाही हो! आत्ताचं खरं आहे."

"जाळला म्हनला. आता पुरला म्हनता. येकाच पोराचं दोन्ही कसं खरं आसंल?"

"शपथ घेतो. बिरोबाची घेतो."

"तुमचा हाय व्हय बिरोबा?"

"मग तुम्ही म्हणाल त्या देवाची."

मायाक्कानं कार्डं पुन्हा फडक्यात बांधली. "ज्येला समदं द्येव सारकं," ती म्हणाली, "त्यो कुणाला भितो? तुमची शप्पत म्या कशी धरू?"

  सकाळी तिनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली, पायांना लावायला तेलाची बुधली दिली. त्या मायेची मला अधिकच लाज वाटली. सिदाप्पानं मला मोटारीपर्यंत पोचवलं आणि तो परत गेला. बाभळीपाशी या खेपेला मी हात जोडले नाहीत. त्या दगडांशी माझा संबंध काय, हे मला आता ठाऊक होतं.

पुन्हा मेढा

सांगलीला मी थांबलो नाही. थेट मेढ्याला गेलो आणि दस्तगीरला सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर त्यानं हात पुढं केला.

"डबी द्या हिकडं."

मी दिली.

"ईद झाली की मी जातो."

"तुम्हाला चार पावलं चालवत नाही. तिकडं चार कोस माळ तुडवायचा आहे. आणि दिवस कसले आहेत बघा. कलकत्त्याच्या दंगलीच्या बातम्या वाचल्या ना? मी येतो बरोबर."

"तुमी नगा यिऊ," तो म्हणाला. "तुमी संगं दिसला की तिला वाटंल, पढवून आणलाय."

हे त्यानं दुखवायला म्हटलं नव्हतं. तो फक्त हिशेबी बोलला, आणि ते बरोबर होतं.

पुढचा प्रवास माझा नाही. तो मला दस्तगीरच्याच तोंडून, कार्तिकात मेढ्याला गेलो तेव्हा कळला. तो अंथरुणाला खिळला होता. जतहून आल्यापासून उठला नव्हता. त्याची बायको माझ्याशी धड बोलली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"समदं इचारलं तिनं," दस्तगीर थांबत थांबत सांगू लागला. "डोकं कुणीकडं? मी म्हणलं, आमच्या रीतीनं कुशीवर निजवला, त्वांड मक्केकडं. दुसरी रीत मला येत न्हवती. पहिली मूठ कुणी टाकली? मी. त्यो वरडला का? व्हय, म्हणलं, लय वरडला. तुझं नाव घेऊन वरडला."

"असं सांगितलंत तिला?"

"तिनं इचारलं हुतं." तो श्वास घ्यायला थांबला. "मग म्हणाली, मुलानी, तुझ्या देवाच्या घरी माझ्या पोराला जागा हाय का? मास्तर, म्या सांगितलं, माझ्या किताबाप्रमाणं न्हाई. माझं मन तुटतं, पण किताब खोटी म्हणणार न्हाई."

 "काय म्हणाली ती?"

दस्तगीरच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणाली, नसू दे. माझा बिरोबाच त्याला तुझ्या हवाली करणार न्हाई. आन् उठली. सिदाप्पाला म्हणाली, ह्यो मानूस माझ्या त्वांडावर मला नगं त्येबी बोलला, मग माती दिली म्हणतो ती दिलीच आसनार. दगुड उचला. डबीतली वाळू खाली वतली आन् वर दगुड बसविला. मला म्हणली, मूठ तूच टाकली हुतीस, हितंबी तूच टाक."

आठवा दगड बसला होता. ज्या कामासाठी मी गेलो ते झालं होतं, माझ्यावाचून. बिरूच्या आईचा आणि दस्तगीरचा देव एक नव्हता, दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघांनी ते एकमेकांना सांगितलं होतं. मी मात्र दोघांचेही देव खरे म्हणत दोघांच्याही घरी परका राहिलो. व्याख्यान मी त्यानंतर केलेलं नाही. सांगलीच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर दिलं नाही. सर्व धर्म खरे असतील का, मला खरंच माहीत नाही. एवढं कळलं, की मी ते म्हणत होतो तेव्हाही मला माहीत नव्हतं.

निघताना मी दस्तगीरला विचारलं, "माझ्याविषयी काही बोलली का मायाक्का?"

तो कुशीवर वळला. मग म्हणाला, "येक इचारलंय. कार्डं पुढ्यात घिऊन बसली हुती. म्हणाली, मास्तरला इचार, ही पत्रं तरी माझ्या पोराचीच हाईत का?"

दस्तगीर पौषात वारला. त्याच्या खड्ड्यावर मी एक मूठ माती टाकली आणि काही म्हटलं नाही. मायाक्काला उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. बिरू सांगायचा तेवढी वाक्यं वेगळी काढावीत आणि तेवढीच तिला कळवावीत, असं ठरवून कागद पुढं घेतो. 'मेंढरं किती झाली', 'पाऊस पडला का', एवढी दोन नक्की आठवतात. ते चांदणं आणि पाठीवरचा हात माझा होता.